मोटर फिरली का?

ताथवडे
४ ऑगस्ट २०२५

ती. बाबा,
सा. न.

माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न उघडताच फाडलं असतं. म्हणून वर लाल पेनानं ‘मशीन ब्रेकडाउन’ लिहिलं. ही युक्ती आईची. शेजारच्या इंद्रायणीकाकू लेकीच्या बाळंतपणाला सोलापूरला निघाल्या, त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या फोनवरून आई बोलली. म्हणाली, “त्यांना माणसांचं काही विचारू नको, मशीनचं विचार. मशीन बंद पडलंय म्हटलं की ते भरल्या ताटावरून उठायचे.” आणि तिच्या गळ्याची शपथ घातली, की बाबा बोलावत नाहीत तोवर दारात येऊन तमाशा करायचा नाही. म्हणून आकुर्डी इथून रिक्षाच्या अंतरावर असून मी टपालाचं तिकीट लावते आहे.

तर मशीन. लाकडावर नक्षी कोरायचं, टेबलावर मावेल एवढंच आहे. माझ्या ऑफिसातल्या प्राजक्तानं हौसेनं घेतलं, हौस फिटली, आणि मग ते तिच्या गॅलरीत दोन वर्षं पडून राहिलं. आता मला दिलं. कॉम्प्युटरवर चित्र काढलं की मशीनचं डोकं त्या रेघांवरून सरकतं. सरकतं अगदी छान. पण डोक्यात जी मोटर आहे, जिला कोरायचं टोक लावतात, ती फिरतच नाही. डोकं लाकडावरून नुसतं हिंडून येतं.

एक गोष्ट दिसली. टोक काढून, बटण चालू ठेवून, शाफ्टला बोटांनी गिरकी दिली की मोटर घुरघुरते, चार फेरे घेते आणि बसते. किंचित जळका वास येतो. खाली काळी पूड पडली होती, ती मी पुसली.

काय बघू?

आईच्या पायांवरची सूज कशी आहे? तेवढं एका ओळीत लिहा.

तुमची,
विजयश्री

—

आकुर्डी
१२ ऑगस्ट

विजयश्री उद्धव बिडवे यांस,

तक्रार मिळाली. तीस वर्षं मेंटेनन्सला काढली, ब्रेकडाउन स्लिप कुणाचीही आली तरी परत पाठवली नाही. ज्या सुपरवायझरनं माझी बढती खाल्ली त्याच्या खात्यातला लोखंड ठोकायचा घणही मीच चालू करून द्यायचो. तेव्हा तुझीही बघेन. यात माया आहे असं समजू नये.

नियम सांगतो. तक्रार लेखी. तोंडी घेत नाही, तशीही घणाच्या आवाजानं माझ्या कानांची वाट लागलेली आहे. एका स्लिपला एक तपासणी. तिचा रिपोर्ट आला की पुढची. स्लिपमध्ये मशीनचं सोडून दुसरं काही लिहिलं तर त्याला उत्तर मिळणार नाही.

चालू मोटरला बोटं लावणारा माणूस माझ्या हाताखाली एक शिफ्टही टिकला नसता. पण तुला सवय आहे. दुसऱ्याचं काय तुटतं ते बघायच्या आधी हात घालायची.

आता अट. तुझ्या आईनं माझं डोकं खाल्लं म्हणून घालतो, आणि तिच्यासमोर बसून लिहितो आहे. कारागीर न बोलावता मोटर तुझ्या हातानं फिरली, तर त्या मशीनवर पहिली वस्तू कोर आणि ती घेऊन घरी ये. दार उघडेन. मोटर फिरली नाही तर या घरात पाय ठेवू नकोस.

पहिली तपासणी: मोटरची पिन ज्या सॉकेटमध्ये जाते तिथे करंट पूर्ण येतो का. मीटर विकत घे. मोटरच्या दोन अंगांना रुपयाएवढी दोन काळी टोपणं असतील, त्यांना हात लावायचा नाही. आत स्प्रिंग असते. उडाली तर डोळा जाईल.

उ. बिडवे

—

ताथवडे
२० ऑगस्ट

ती. बाबा,
सा. न.

सॉकेटमध्ये करंट पूर्ण आहे. मीटर घेतला. आधी उलटा धरला होता, मग प्राजक्तानं दाखवलं. (प्राजक्ता कारागीर नाही, अट मोडली असं धरू नका.)

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही, तुम्ही हसाल. ‘दार उघडेन’ एवढे दोन शब्द मला पुरले. बाकीचं सगळं बोलणं ऐकून घेईन.

पहिली वस्तू काय ते ठरलंय. आईच्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण फुटल्यापासून ती त्यावर औषधाच्या बाटलीचं बूच ठेवते. मी सागवानी झाकण कोरणार आहे. वर जाईचा वेल, मधे तिच्या नावाचं ‘शा’. चित्र काढून तयार आहे. मोटर तेवढी फिरायची राहिली.

काळ्या टोपणांना हात लावला नाही.

आई जेवते का नीट? दवाखान्यात दाखवलं का?

विजयश्री

—

आकुर्डी
२९ ऑगस्ट

विजयश्री यांस,

काय कोरणार आहेस ते मी विचारलं नव्हतं. स्लिपमध्ये बिघाड लिहायचा, स्वप्नं नाहीत.

करंट सॉकेटपर्यंत येतो म्हणजे मोटरपर्यंत पोचतोच असं नाही. वाटेत वायर असते, वायरीत कुठेतरी तुटलेलं असतं आणि वरून आवरण अगदी धड दिसतं. आपल्या घरात असंच झालं. तू रविवारी जेवायला बसलीस, गणराजला हातानं वांग्याची भाजी वाढलीस, त्याच्या नव्या गाडीचे हप्ते किती राहिले ते विचारलंस. आणि तुम्हा दोघांच्या कंपनीतून काढायच्या माणसांच्या यादीत त्याचं नाव आहे हे तुला तेव्हा ठाऊक होतं. बुधवारी तूच टेबलापलीकडून त्याला तो कागद सरकवलास. ‘श्री. गणराज बिडवे’ म्हणालीस म्हणे. सख्ख्या भावाला श्री.

आता तो गावाकडे दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसतो आणि माझ्याशीही चार शब्दांवर बोलत नाही. तुझी नोकरी शाबूत आहे. चाकणला कंपनीची बस तुला दारातून उचलते. छान.

दुसरी तपासणी: पिनेपासून मोटरपर्यंत वायर बोटांनी दाबत दाबत जा. कुठे मऊ लागली तर तिथे तुटलेली आहे. घाई करायची नाही.

उ. बिडवे

—

ताथवडे
६ सप्टेंबर

ती. बाबा,
सा. न.

वायर धड आहे. दोनदा दाबून पाहिली. मीटरनंही पाहिली.

गणराजचं तुम्ही काढलंत म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते. यादी मी केली नव्हती. यादी वरून आली आणि ती आधी फोडली असती तर माझ्यासकट सगळं खातं घरी गेलं असतं. तो कागद दुसऱ्या कुणाच्या हातून मिळू नये म्हणून मी मागून घेतला होता. तो माझा भाऊ आहे म्हणूनच मागून घेतला. ‘श्री.’ म्हणाले कारण शेजारी साहेब बसला होता आणि मी दादा म्हटलं असतं तर मला रडू आलं असतं. हे मी गणराजला सांगायला गेले, त्यानं माझा नंबर बंद करून टाकला. तुम्हाला सांगायला आले, तुम्ही दार लावलंत. नातेवाइकांच्या ग्रुपमधूनही मला काढलं. ज्या माणसानं कागद छापला त्याचं नाव तरी तुम्हाला माहीत आहे का?

आता पुढची तपासणी द्या.

गौरी बसवल्या का यंदा? आईनं एकटीनं एवढा फराळ कसा केला असेल? बाबा, एका ओळीनं तुमचा नियम मोडत नाही. तिची सूज उतरली का, हो की नाही?

विजयश्री

—

आकुर्डी
१८ सप्टेंबर

आज वेळ नाही. मोटर आहे तशी राहू दे. हात लावू नकोस.

उ. बि.

—

ताथवडे
२४ सप्टेंबर

ती. बाबा,
सा. न.

तुमचं दोन ओळींचं पत्र मिळालं. राग आला, खोटं कशाला बोलू. कधी नव्हे ते उलट लिहिलं तर तुम्ही थेट कामच बंद पाडलंत. तुम्हीच सांगायचात ना, की मेंटेनन्सवाल्यानं माणसावर रुसावं, मशीनवर नाही?

रोज संध्याकाळी बसमधून उतरले की मशीनसमोर बसते. त्याचं डोकं इकडून तिकडे सरकवते आणि ते गपचूप सरकतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलंसुद्धा, काय करता हो तुम्ही, आवाज तर येत नाही. मी म्हटलं, आवाज यायचीच वाट बघतेय.

काय चुकलं असेल तर माझं चुकलं. तपासणी पाठवा. आईला सांगा की झाकणाचं लाकूड आणलं. चांगलं जुनं सागवान आहे, वास घेतला की गावाकडच्या आजोळच्या दाराची आठवण येते. एवढं तरी तिला सांगाल ना?

विजयश्री

—

आकुर्डी
६ ऑक्टोबर

चि. विजयश्री,
आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. गावी जाऊन आलो.

मोटरचं सांगतो. वायर धड आहे, करंट आहे, म्हणजे आता मोटरच्या आत बघायला पाहिजे. पण आत जायच्या आधी बाहेरून बेअरिंग बघायचं. प्लग काढ. शाफ्ट दोन बोटांत धर, वर-खाली हलवून बघ, मग सावकाश फिरव आणि डोळे मीट. बेअरिंग खराब असेल तर बोटांना खरखर कळते. मी असाच शिकलो. आमच्या खात्यात घण पडायला लागले की शेजारचा माणूस ओरडून मेला तरी ऐकू यायचं नाही. आमचे वस्ताद होते खंडू मिस्त्री, ते म्हणायचे, कान गेले तर जाऊ द्या, बोटं सांभाळा. ते मशीनच्या अंगावर तळहात ठेवायचे, जसा आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो, आणि सांगायचे कुठे दुखतंय. मला ते जमायला पाच-सहा वर्षं लागली. मशीनचं जमलं. माणसाच्या कपाळावर हात ठेवून मला कधी काही कळलं नाही.

हल्ली स्वयंपाक मीच करतो. भात करपतो. चहा सवयीनं दोन कप होतो. काल कांदा चिरताना बोट कापलं, तर पट्टी कुठे असते तेच सापडेना. या घरात तीस वर्षं राहून मला पट्टीचा डबा माहीत नाही.

तू लहान असताना माझा डबा द्यायला गेटवर यायचीस. वॉचमन आत सोडायचा नाही म्हणून गेटच्या गजांतून डबा तिरका करून द्यायचीस आणि आमटी सांडायची. आज कशावरून आठवलं कोण जाणे.

बेअरिंग नीट बघ. एक दिवस बघून सोडू नकोस. आठवडाभर रोज बघ, मग सविस्तर लिही. लांब पत्र लिहिलंस तरी चालेल. काळी टोपणं उघडू नकोस.

बाबा

—

ताथवडे
१४ ऑक्टोबर

ती. बाबा,
सा. न.

‘चि.’ लिहिलंत. खाली ‘बाबा’ लिहिलंत. बसमध्ये पत्र उघडलं आणि शेजारच्या मुलीनं विचारलं, काय झालं ताई.

हे आईचं काम आहे ना? तिनंच तुम्हाला समोर बसवून लिहायला लावलं असणार. गेटवरच्या आमटीची तिनंच आठवण करून दिली असणार, कारण घरी आल्यावर फ्रॉक तिला धुवावा लागायचा. आणि तुम्ही स्वयंपाक करता! तुम्ही! ती बाजेवर बसून सूचना देत असेल आणि तुम्हाला ऐकू येत नसेल, म्हणून भात करपतो. मला चित्रच दिसलं आणि मी एकटी हसले. बरं झालं तिला जरा बसायला मिळतंय. सुजलेल्या पायांनी ती किती दिवस ओट्याशी उभी राहणार होती?

बेअरिंग रोज बघते. खरखर नाही. शाफ्ट अगदी मऊ फिरतो. डोळे मिटून फिरवताना तुमचे वस्ताद आठवतात, मी त्यांना कधी पाहिलं नाही तरी.

दिवाळी आली. मोटर फिरली नाही हे खरं, पण पाडव्याला अट थोडी सैल करता येईल का? दारातच उभी राहीन. आईला बघेन, करंजीसुद्धा न खाता परत येईन. तुम्ही फक्त हो म्हणा.

तुमची,
विजी

—

आकुर्डी
२४ ऑक्टोबर

चि. विजयश्री,
आशीर्वाद.

दिवाळी झाल्यावर उत्तर देतो आहे, कारण यंदा आपल्याकडे दिवाळी केली नाही. तू येऊ नकोस. अट म्हणजे अट.

बेअरिंग चांगलं आहे म्हणतेस, तरी पुन्हा बघ. मग मोटर मशीनवरून उतरव, वरचा धूळधुरळा ब्रशनं झाड, चारही स्क्रू साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळव, पुन्हा बसव. मग स्विच उघडून त्याचे पॉइंट पॉलिश पेपरनं घास. हे सगळं एकदम करू नकोस. एक केलं की मला लिही, दुसरं केलं की मला लिही. मोटर फिरायची एवढी घाई कशाला? इतके दिवस थांबलीस, अजून थोडं थांब. चांगल्या मेंटेनन्सला वेळ लागतो.

पोस्टमन हल्ली अकराच्या सुमारास येतो. बेल ऐकू येत नाही म्हणून मी तेव्हा दारात खुर्ची टाकून बसतो. तुझ्या पत्रात ऑफिसचं, बसचं, वरच्या मजल्यावरच्या बाईंचं लिहीत जा. वाचायला वेळ असतो.

काळी टोपणं उघडायची नाहीत हे पुन्हा सांगतो.

बाबा

—

ताथवडे
३० ऑक्टोबर

ती. बाबा, ती. आई,
सा. न.

मोटर फिरली!

आधी रागवा, मग ऐका. मी काळी टोपणं उघडली. स्क्रू साबणानं धुवायला सांगितलेत तेव्हाच मला शंका आली, की बाबांजवळचं सांगण्यासारखं संपलं. सोमवारी संध्याकाळी पिंपरीच्या बाजारात गेले होते, तिथे मोटरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं. कारागीर नव्हे, दुकानदार. अट मोडली नाही. त्यानं वर न बघता विचारलं, “मॅडम, हातानं गिरकी दिली तर फिरती का?” म्हटलं, हो, चार फेरे. तो म्हणाला, “मग कार्बन गेलेत. दुसरं काय नाय.” आणि करंगळीच्या पेराएवढ्या दोन काळ्या वड्या कागदात बांधून दिल्या.

घरी येऊन टोपणं काढली. स्प्रिंग उडाली नाही, नुसती वर आली. आतले कार्बन झिजून पार नखाएवढे राहिले होते. फिरत्या भागाला टेकतच नव्हते, मग करंट जाणार कुठून? नवे घातले, बटण दाबलं आणि असा आवाज झाला की मी दोन पावलं मागे सरले. वरच्या बाई धावत आल्या. मी त्यांना मिठीच मारली.

गिरकीचं मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. काळ्या पुडीचंही. तुम्हाला तेव्हाच कळलं असणार, बाबा, मला आता समजलं. सगळं मशीन माझ्या हाताखालून जावं म्हणून तुम्ही कार्बन शेवटी ठेवलेत ना? शिकाऊ पोरांना असंच शिकवायचात तुम्ही. खरंच सांगते, आता डोळे मिटून ते मशीन खोलून जोडेन. तुमच्यावर चिडले होते ते सगळं मागे घेते.

झाकण कोरून झालं. वेलाचं एक पान जरा खोल गेलं, पण ‘शा’ सुरेख आला आहे. तीन वेळा तेल लावलं. आई, तुझ्या करंड्यावर बसलं नाही तर घासून बसवू, मी पॉलिश पेपर घेऊनच येते.

९ तारखेला, रविवारी येते. वांग्याची भाजी मी करीन. बाबांना ओट्यापासून लांब ठेव.

तुमची,
विजी

—

आकुर्डी
४ नोव्हेंबर

विजयश्री यांस,

मशीन चालू झालं, आनंद आहे. स्लिप बंद केली.

आता त्याच मशीनसाठी काम देतो. एक पाटी हवी आहे. सागवान, भिंतीवरच्या फोटोखाली मावेल एवढी. मजकूर असा:

कै. सौ. शालन उद्धव बिडवे
निधन: १८ सप्टेंबर २०२५

अक्षर ठळक असावं. वेल वगैरे नको.

तूही गणराजला कागदावरच कळवलं होतंस. आठवडाभर माहीत असून एका ताटाशी बसून जेवलीस आणि मग कागद सरकवलास. पोटात माहीत असणं आणि तोंडानं न सांगणं काय असतं ते मला शिकायचं होतं. शिकलो. अवघड नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून कपडे घ्यायला घरी आलो, तर तुझं भावाबद्दलचं पत्र दारात पडलेलं. उत्तर दिलं. तिला गावी नेलं. गणराजनं अग्नी दिला. भावकीला मी सांगितलं, विजीला मी कळवलंय. बाया म्हणाल्या, पोटची पोर आईच्या मातीला आली नाही. मी त्यांना म्हणू दिलं. करंडा तिच्याबरोबर दिला, तेव्हा झाकण कशावर बसवायचं ते तू बघ.

ती शेवटचे आठ-दहा दिवस रोज विचारायची, मोटर फिरली का. ओठांवरून मला कळायचं. मी म्हणायचो, नाही अजून. कार्बनचं मला तुझ्या पहिल्या पत्रातच कळलं होतं, ते तुला शिकवायला नव्हतं. तुला यायला उशीर व्हावा म्हणून होतं. मला वाटलं होतं दिवाळीपर्यंत तुला ताटकळत ठेवावं आणि मग बोलवावं. ती तोवर जगेल असं धरून चाललो होतो. डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं. मीच धरून चाललो.

त्यानंतरची पत्रं लिहिली ती का लिहिली, विचारू नकोस. मोटर फिरली असती तर तू आली असतीस आणि आत कुणी नाही हे बघितलं असतंस. शिवाय पोस्टमन आला की बरं वाटायचं.

रविवारी ये म्हणतेस तर ये. बेल दाबू नकोस, मला ऐकू येणार नाही. दार लोटलेलंच असेल. नुसतं ढकल. पाटी नंतर झाली तरी चालेल.

बाबा

—

ताथवडे
९ नोव्हेंबर, रविवार

श्री. उद्धव बिडवे यांस,

कामाचा कागद मिळाला. मजकूर दिल्याप्रमाणे कोरला, अक्षर ठळक केलं. पाटी माझ्या भिंतीवर लावली आहे, खाली करंड्याचं झाकण ठेवलं आहे. तुमच्याकडे पाठवणार नाही.

तुमचं पत्र वाचून मी काय केलं ते तुम्हाला कळवायचं कारण नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई तीन रात्री माझ्याजवळ झोपल्या एवढं सांगते. माझ्या आईला मी करंज्यांचं, भाजीचं लिहीत होते आणि तुम्ही ते दारात खुर्ची टाकून वाचत होतात. बरं वाटायचं म्हणता.

आज आकुर्डीला आले होते. तिची शपथ आता कुणाला लागणार? दार खरंच लोटलेलं होतं. बाजूच्या खिडकीतून पाहिलं. तुम्ही दाराकडे तोंड करून बसला होतात, अंगात इस्त्रीचा शर्ट होता, पुढे स्टुलावर दोन कप झाकून ठेवलेले. मी तुमचं नाव घेऊन हाक मारली, एकदा नाही, चांगली ओरडून मारली. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. तुम्ही दाराकडेच बघत होतात. मग मी दार न ढकलता स्टेशनपर्यंत चालत गेले.

आता तुमच्या तक्रारीबद्दल. माणूस येत नाही, अशी तुमची तक्रार मी धरते. स्लिप कुणाचीही परत पाठवू नये हे तुमच्याकडूनच शिकले, तेव्हा बघेन. नियम तुम्हाला पाठ आहेत. तक्रार लेखी, एका स्लिपला एक तपासणी, आणि मशीनचं सोडून दुसरं काही लिहिलं तर उत्तर मिळणार नाही.

पहिली तपासणी: दाराच्या बिजागऱ्यांना तेल आहे का ते बघावं. आठवडाभर रोज बघावं, घाई करू नये. रिपोर्ट पोस्टानं कळवावा. तो आला की पुढची तपासणी सांगेन.

वि. उ. बिडवे